जहाज सोडलं तेव्हा नकाशा झाला

आमच्या क्षेत्रात दर काही महिन्यांनी एक स्लाइड हमखास येते. बर्फात रुतलेलं शिडाचं जहाज, फोटो काळा-पांढरा, आणि खाली जाड अक्षरांत हार न मानण्याबद्दल काहीतरी. दोन नोकऱ्या मिळून मी हा फोटो निदान पाच वेळा पाहिलाय. एकदा ज्या मीटिंगमध्ये पाहिला, त्या मीटिंगमध्ये आम्हाला सहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत उरकायला सांगायचं होतं. (फोटोतलं जहाज बहुतेक वेळा शॅकलटनचं ‘एन्ड्युरन्स’ असतं. आणि हा शॅकलटन म्हणजे १९०९ साली दक्षिण ध्रुव जेमतेम शंभर सागरी मैलांवर असताना माणसं मरतील म्हणून मागे फिरलेला माणूस. पण स्लाइड बनवणाऱ्याला एवढं वाचायला वेळ कुठे असतो?)

माझं भांडण या स्लाइडशी आहे. आणि ते मी आर्क्टिकमध्येच भांडणार आहे, म्हणजे ‘तुला तिथलं काय माहीत’ असं कोणी म्हणायला नको. रशियाचा उत्तर किनारा पहिल्यांदा मोजला गेला तो १७३३ ते १७४३ या दहा वर्षांत. ‘ग्रेट नॉर्दर्न एक्सपिडिशन’ असं या मोहिमेला नंतर नाव पडलं. ती मला भांडायला सोयीची वाटते, कारण तिथे एकच काम, एकाच कार्यालयाच्या हुकमाने, साधारण एकाच काळात, वेगवेगळ्या तुकड्यांना वाटून दिलेलं होतं. कोणी काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. इतिहासात अशी सोय फार क्वचित मिळते.

हुकूम होता सेंट पीटर्सबर्गच्या अॅडमिरल्टी कॉलेजचा, म्हणजे नौदलाच्या मुख्य कार्यालयाचा. गादीवर सम्राज्ञी अॅना. मोहिमेचा प्रमुख व्हिटस बेरिंग, जन्माने डॅनिश. पॅसिफिककडे तो स्वतः जाणार होता. उत्तरेचा किनारा मात्र तुकड्यांत वाटला होता. आर्खांगेल्स्कपासून ओब नदीपर्यंत एक तुकडी. ओबपासून येनिसेईपर्यंत दुसरी. येनिसेईहून पूर्वेला आणखी एक. लेना नदीच्या मुखातून पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक. कागदावर हे फारच सुटसुटीत दिसतं. मॉड्यूल पाडले, टीम नेमल्या, डेडलाइन दिली. प्रश्नही सरळ होता: आर्खांगेल्स्कहून निघालेलं जहाज उत्तर किनाऱ्याने पॅसिफिकपर्यंत जाऊ शकतं का? आणि जाता जाता तो किनारा काढून आणा.

अडचण एवढीच, की तिथला समुद्र वर्षातून जेमतेम दोन महिने उघडतो, आणि तोही दरवर्षी उघडेलच असं नाही. पीटर्सबर्ग आणि याकुत्स्क यांच्यात पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक महिने लागत. हुकूम काढणाऱ्यांपैकी कोणी तो किनारा पाहिलेला नव्हता.

आता दोन तुकड्या बघू. दोन्ही १७३५ च्या जूनमध्ये याकुत्स्कहून निघाल्या आणि लेना नदीने खाली गेल्या.

पूर्वेला वळलेल्या जहाजाचं नाव ‘इर्कुत्स्क’, कप्तान पीटर लासेनियस. मुखाबाहेर पडल्यावर काही दिवसांतच बर्फाने वाट अडवली. लासेनियसने खाराउलाख नदीच्या मुखाशी हिवाळी मुक्काम ठोकला आणि एक हिशोब केला. काम एका वर्षात होणार नाही, दोन वर्षं लागतील, अन्न मात्र ठरावीक. म्हणून त्याने माणसांचा शिधा निम्म्यावर आणला. उद्दिष्ट सोडायचं नाही, संसाधनं ताणायची. आजच्या कुठल्याही मॅनेजरने पाठ थोपटली असती असा निर्णय. डिसेंबरात लासेनियस स्वतः मेला. वसंत ऋतू येईपर्यंत स्कर्व्हीने पन्नासेक जणांच्या त्या तुकडीतली हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं उरली. किनाऱ्याचं काम जवळजवळ काहीच झालं नव्हतं.

पश्चिमेला वळलेल्या जहाजाचं नाव ‘याकुत्स्क’, कप्तान वासिली प्रोंचिश्चेव. त्याच्याबरोबर त्याची बायको तात्याना होती आणि सेम्योन चेल्युस्किन नावाचा तरुण नाविक होता. जहाजाची दिशा आणि स्थान यांचा हिशोब ठेवणं हे त्याचं काम. पहिला हिवाळा ओलेन्योक नदीच्या मुखाशी गेला. तिथे आधीपासून राहणाऱ्या शिकाऱ्यांची लहानशी वस्ती होती. १७३६ च्या उन्हाळ्यात जहाज तैमिर द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याने वर वर सरकत ७७ अंशांच्या पुढे गेलं. अक्षांशाच्या हिशोबात आशियाचं उत्तर टोक आता फार लांब नव्हतं. पुढे सलग बर्फ. मागे फिरावं लागलं. ऑगस्टअखेरीस, मुक्कामाच्या दाराशी आल्यावर, प्रोंचिश्चेव गेला. दोन आठवड्यांत तात्यानाही गेली. तोही स्कर्व्हीनेच गेला असं दोनशे वर्षांहून जास्त काळ लिहिलं जात होतं. १९९९ साली कबर उघडून अवशेष तपासले तेव्हा पायाचं हाड मोडलेलं सापडलं; त्यातून झालेल्या गुंतागुंतीने तो मेला असावा असं तपासणाऱ्यांचं मत पडलं.

दोन्ही जहाजांच्या वाचलेल्या लोकांनी वर कळवलं ते साधारण असं: या वाटेने जहाज जात नाही.

अॅडमिरल्टीने काय केलं असेल? तुम्ही कुठेही वर्षभर नोकरी केली असेल तर ओळखाल. पुन्हा प्रयत्न करा. नवे कप्तान नेमले, मुदत वाढवली. पूर्वेच्या तुकडीवर दिमित्री लाप्तेव, पश्चिमेच्या तुकडीवर त्याचा चुलतभाऊ खारितोन लाप्तेव.

खारितोनची गोष्ट मला या सगळ्या मोहिमेत सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती स्लाइडवर कधीच येणार नाही. १७३९ साली तो त्याच ‘याकुत्स्क’ जहाजातून गेला, बर्फाला थडकला आणि खातांगाच्या खाडीत हिवाळ्यासाठी थांबला. १७४० च्या उन्हाळ्यात पुन्हा निघाला. ऑगस्टमध्ये बर्फाने जहाज दोन्हीकडून दाबलं, फळ्या फुटल्या, पाणी आत आलं. माणसं बर्फावर उतरली, जे सामान वाचवता आलं ते घेतलं आणि चालत किनारा गाठला. थंडीत, नद्या गोठायची वाट बघत, ती जुन्या मुक्कामाला परतली. काही वाटेत गेली.

नंतर बैठक झाली. त्या काळी नौदलात असे निर्णय अधिकाऱ्यांनी एकत्र बसून, सह्या करून घ्यायची पद्धत होती. ठरलं ते असं: समुद्रातून हा किनारा मोजणं शक्य नाही. जमिनीवरून मोजायचा. कुत्र्यांच्या गाड्यांवरून.

आणि मग नकाशा झाला.

१७४१ च्या वसंतात तीन गट तीन बाजूंनी निघाले. एक गट चेल्युस्किनचा, पश्चिमेकडून प्यासिना नदीच्या मुखाने. एक निकिफोर चेकिन नावाच्या सर्वेक्षकाचा, पूर्व किनाऱ्याने. तो बर्फाच्या चकाकीने डोळे गेल्यामुळे मागे फिरला. तिसरा स्वतः खारितोनचा, द्वीपकल्पाच्या मधून तैमिर सरोवराकडे. उरलेला तुकडा पुढच्या वर्षी चेल्युस्किनने पुरा केला. डिसेंबर १७४१ मध्ये, म्हणजे ध्रुवीय रात्र चालू असताना, तो तुरुखान्स्कहून निघाला आणि जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ९ मे १७४२ ला आशियाच्या मुख्य भूमीच्या उत्तर टोकावर पोचला. नोंदवहीत त्याने लिहिलं ते थोडक्यात असं: हवा ढगाळ, बर्फ, धुकं, भूशिर दगडी, उभ्या कड्याचं, मध्यम उंचीचं, भोवतीचा बर्फ सपाट. टोकाला त्याने ‘पूर्व-उत्तर भूशिर’ असं नाव दिलं, खुणेसाठी एक ओंडका रोवला आणि तो पुढे गेला. दहा वर्षांत जहाजांनी जे गाठलं नाही ते तीन गाड्या आणि थकलेल्या कुत्र्यांनी गाठलं, आणि नोंदवहीत उद्गारचिन्ह नाही.

हे मोजमाप कसं होत असे, यावर थोडं थांबतो, कारण इंजिनियर म्हणून माझा जीव तिथे जास्त रमतो. अक्षांश काढणं त्यातल्या त्यात सोपं. दुपारी सूर्य सगळ्यात वर असताना त्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची, त्या तारखेचं सूर्याचं स्थान तक्त्यातून घ्यायचं, वजाबाकी करायची. पण त्यासाठी सूर्य दिसावा लागतो आणि क्षितिज स्वच्छ लागतं. तिथे आठवडाआठवडा धुकं, आणि समुद्राचं क्षितिज म्हणजे बर्फाची खडबडीत कड. रेखांश तर काढताच येत नसे. त्यासाठी अचूक वेळ दाखवणारं घड्याळ हवं, आणि जॉन हॅरिसनचं प्रसिद्ध घड्याळ समुद्रावर तपासायला गेलं ते १७६१ साली, म्हणजे चेल्युस्किन टोकावर उभा राहिल्यानंतर १९ वर्षांनी. मग उरतं काय? होकायंत्राने दिशा घ्यायची, किती चाललो याचा अंदाज बांधायचा, आणि कालच्या बिंदूला आजची रेघ जोडायची. कालची चूक आजच्यात मिसळते, आजची उद्याच्यात. सूर्य दिसला की अक्षांशापुरती चूक दुरुस्त होते, पूर्व-पश्चिम चूक मात्र साचत जाते. ७७ अंशांवर रेखांशाचा एक अंश म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे टोकाची उंची बरोबर आणि आडवी जागा सरकलेली, असे नकाशे तयार झाले. पण ती सरकलेली जागा कशी सरकली, हे नोंदवही उघडून शोधता येत होतं. कुठे सूर्य दिसला, कुठे नाही, कुठे नुसता अंदाज, हे सगळं लिहिलेलं होतं.

जमिनीवरून जायचं म्हटल्यावर आणखी एक गोष्ट झाली: तिथे राहणाऱ्यांना विचारावं लागलं. जहाजात बसून त्यांना टाळता येतं. कुत्र्यांना खायला मासे कुठून आणायचे, कुठल्या नदीवर बर्फ कधी धरतो, झोपायचं कसं, हे याकूत, एवेंकी, न्गानासान, नेनेत्स लोकांना माहीत होतं. पलीकडे यामाल द्वीपकल्पाचा किनारा सेलिफोन्तोव नावाच्या सर्वेक्षकाने नेनेत्स लोकांबरोबर रेनडिअरच्या गाड्यांवरून मोजला. खारितोनने तर स्कर्व्हीचा उपायही लिहून ठेवलाय. इथले लोक गोठलेला मासा पातळ तासून, वितळायच्या आत कच्चाच खातात, आणि नेहमी खाणाऱ्याला हा रोग शिवत नाही. लासेनियसची माणसं पिठाचा निम्मा शिधा खाऊन मेली, ती याच किनाऱ्यावर. वाटाडे, गाडीवान, मासे पोचवणारे यांतल्या बहुतेकांची नावं नकाशावर सोडाच, नोंदींतही धड नाहीत.

खरं तर शंभर वर्षांपूर्वीचं पाहिलं असतं तरी चाललं असतं. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला श्वेत समुद्राकाठचे पोमोर व्यापारी ओबच्या पलीकडच्या मांगाझेया नावाच्या गावापर्यंत समुद्रमार्गे जात. पण यामालच्या उत्तर टोकाला वळसा घालण्याच्या फंदात ते पडत नसत. ‘कोच’ नावाच्या त्यांच्या गोल बुडाच्या होड्या ते नद्या आणि तळी धरून द्वीपकल्पाच्या मधून ओढून नेत. बर्फाशी झुंज देणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. पुढे परदेशी व्यापारी याच वाटेने घुसतील या भीतीने झारच्या सरकारने ती वाटच बंद करून टाकली, आणि शंभर वर्षांनी नौदल तिथे पहिल्यापासून शिकायला आलं.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात दणकट मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. चिकाटीने काहीच मिळालं नाही असं नाहीये. दिमित्री ओव्त्सिन ओबच्या खाडीतून बाहेर पडायला १७३४, १७३५ आणि १७३६ असे तीन उन्हाळे झगडला, तिन्ही वेळा परतला, आणि १७३७ साली येनिसेईला पोचला. दिमित्री लाप्तेवचं उदाहरण तर मला आणखी अडचणीचं. १७३६ च्या फसलेल्या प्रयत्नानंतर तो पीटर्सबर्गला जाऊन सांगून आला की पुढे जाता येत नाही. त्याला परत पाठवलं. आणि १७३९ साली, जिथून जाता येत नाही असं त्याने सांगितलं होतं, तिथूनच तो पुढे गेला, इंडिगिर्का नदीपर्यंत. पुढच्या उन्हाळ्यात माणसांनी बर्फ फोडून जहाज मोकळं केलं आणि कोलिमा गाठली.

मग मॅनेजर बरोबर होता का?

जवळ जाऊन बघा. ओव्त्सिनने तीनदा एकच गोष्ट केली नाही. मधल्या काळात त्याने किनाऱ्याने माणसं पाठवून मोजमाप करून घेतलं, आणि चौथ्या वेळी गेला तो नव्या जहाजाने. लाप्तेवनेही इंडिगिर्काच्या दोन्ही बाजूंचा किनारा जमिनीवरून माणसं पाठवून मोजून घेतला. जहाज अडकून पडलं तरी काम पुढे सरकत राहील अशी तजवीज केली. आणि १७३६ चं त्याचं ‘नाही’ खोटं नव्हतं. ते १७३६ च्या बर्फाबद्दल होतं. अशा ‘नाही’वर तारीख असते. ते ऐकून घेतलं की पुढच्या वर्षी काय बदललं हे तपासता येतं. ऐकून न घेता नुसतं ‘पुन्हा जा’ म्हटलं की पुढचा माणूस निम्म्या शिध्याचा हिशोब मांडायला बसतो. शिवाय त्याच लाप्तेवने कोलिमाच्या पूर्वेला दोन उन्हाळे बारानोव भूशिरापाशी मार खाल्ला, आणि मग जहाज ठेवून जमिनीवरून अनादिरला निघून गेला. ही दुसरी अर्धी गोष्ट चिकाटीच्या भाषणांत का नसते, हे वेगळं सांगायला नको.

आणि ज्याने चिकाटीने जिंकलं त्याला काय मिळालं तेही सांगतो. ओव्त्सिन बेर्योझोव गावात हद्दपारीत असलेल्या डोल्गोरुकी घराण्यातल्या माणसांशी संबंध ठेवतो अशी चहाडी झाली. १७३८ साली त्याला अटक करून साध्या खलाशाच्या पदावर उतरवलं आणि बेरिंगकडे पाठवून दिलं. आर्खांगेल्स्कच्या बाजूने गेलेल्या मुराव्योव आणि पाव्लोव या दोघांनाही खलाशी करून टाकलं. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींत तथ्य होतं असं दिसतं, पण अपयशी माणसाच्या तक्रारी किती पटकन ऐकल्या जातात हेही त्यात दिसतं.

खऱ्या ‘नाही’पेक्षा खोटं ‘हो’ किती महाग पडतं, हे बघायला याच मोहिमेचं दुसरं टोक पुरेसं आहे. १७४१ साली बेरिंग आणि चिरिकोव दोन जहाजं घेऊन कामचाटकाहून अमेरिकेच्या शोधात निघाले. त्यांच्याकडे अकादमीतल्या जोसेफ-निकोला डलीलचा नकाशा होता, आणि त्यावर पॅसिफिकमध्ये ‘गामाची भूमी’ नावाचा प्रदेश काढलेला होता. कोणीतरी कधीतरी पाहिला म्हणे. कोऱ्या जागेत कोरी जागा ठेवायची लाज वाटली असावी. बैठकीत ठरलं की आधी ही भूमी बघू. जहाजं आग्नेयेला गेली, शोधत राहिली. तिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. मोसमाचे मोलाचे दिवस गेले, आणि काही दिवसांतच दोन्ही जहाजांची ताटातूट झाली. परतताना उशीर, वादळं, स्कर्व्ही. बेरिंगचं जहाज एका निर्जन बेटाला लागलं, बेरिंग तिथेच मेला, आणि ७७ माणसांपैकी ४६ जिवंत परतली. ओव्त्सिनही त्या जहाजावर होता, तो वाचला. बेरिंगचा सहकारी स्वेन वॅक्सेल याने या नकाशाबद्दल पुढे फार कडवट लिहून ठेवलंय. मी रोज डेटाबरोबर काम करतो. रिकामी जागा दिसू नये म्हणून तिथे अंदाजाने आकडा भरणारे लोक मला रोज भेटतात, आणि मला दर वेळी गामाची भूमी आठवते.

बरं, बेरिंगला जो मोठा प्रश्न सोडवायचा होता, आशिया आणि अमेरिका जोडलेले आहेत का, त्याचं उत्तर कुठे होतं माहितीये? याकुत्स्कच्या कार्यालयात. १६४८ साली सेम्योन देझन्योव आणि त्याचे साथीदार कोलिमाहून निघून कोचमधून त्या सामुद्रधुनीतून गेले होते. देझन्योवचे अर्ज-अहवाल दप्तरात पडून होते. मोहिमेबरोबर गेलेल्या गेरहार्ड म्युलर या इतिहासकाराला ते १७३६ साली सापडले. कित्येक दशकं ते तसेच पडून होते.

एक ‘नाही’ मात्र सगळ्यांत वेगळं होतं. हा किनारा मोजायची घाई विज्ञानाच्या प्रेमापोटी होती असं समजू नका. सायबेरियातल्या लोकांकडून ‘यासाक’ म्हणजे फरच्या कातड्यांचा कर वसूल होत असे, आणि तो वेळेवर यावा म्हणून त्यांची माणसं ओलीस ठेवत. नकाशा त्याच वसुलीच्या पाठोपाठ चालला होता. ईशान्य टोकाच्या चुकची लोकांनी हा कर द्यायला नकार दिला. वर्षानुवर्षं लढून दिला. १७४२ साली, म्हणजे चेल्युस्किन टोकावर पोचला त्याच वर्षी, पीटर्सबर्गच्या सिनेटने चुकचींचा पूर्ण नायनाट करण्याचा हुकूम काढला. हार न मानण्याचं हेही एक रूप आहे, आणि ते त्याच शहरातून निघालं होतं. १७४७ साली मोहिमेचा सेनापती पावलुत्स्की चुकचींच्या हातून मारला गेला, आणि पुढे काही दशकांत रशियनांनी अनादिरचा किल्लाच सोडून दिला. कोलिमापासून सामुद्रधुनीपर्यंतचा किनारा या मोहिमेच्या नकाशात मोजलेला नाही. बर्फाचं कारण त्याला आहेच. पण लढाईत हरलेल्या सरकारच्या नकाशात काय काय कोरं राहतं, तेही तिथे दिसतं.

मग एवढं करून मोहिमेचं उत्तर काय आलं? समुद्रमार्ग आहे का, याचं उत्तर आलं: या जहाजांनी, असल्या बर्फात, नाही. लाप्तेव भावांनी ते स्पष्ट लिहिलं. माझ्या मते या दहा वर्षांची सगळ्यात मोठी कमाई किनाऱ्याच्या रेघेइतकीच या उत्तरात आहे. पण असल्या उत्तराचे सोहळे होत नाहीत. नकाशे बराच काळ गुप्त ठेवले गेले. डलील १७४७ साली रशिया सोडून पॅरिसला गेला आणि त्याने आपला, पुन्हा चुकांनी भरलेला, नकाशा छापला, तेव्हा कुठे अकादमीला घाईघाईने आपला नकाशा बाहेर काढावा लागला. चेल्युस्किनवर तर १९ व्या शतकातल्या काही मान्यवरांनी शंका घेतली. म्हणे, हा खरंच तिथवर गेला होता कशावरून? नोंदी फारच थोडक्यात आहेत. म्हणजे कोणी रंगवून सांगितलं की भूमी खरी, आणि कोणी चार ओळींत खरं लिहिलं की संशय. अलेक्झांडर मिडेनडॉर्फ १८४३ साली तैमिरला जाऊन आला, तो मात्र चेल्युस्किनच्या बाजूने उभा राहिला, आणि टोकाला त्याचं नाव मिळालं.

नावांवरून एक गंमत सांगतो. तैमिरच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका उपसागराला बरीच वर्षं ‘मारिया प्रोंचिश्चेवा’ उपसागर म्हणत. वासिलीच्या बायकोचं नाव म्हणून. पण तिचं नाव तात्याना होतं. जुन्या कागदपत्रांतून ते १९८० च्या दशकात पुढे आलं. मग मारिया आली कुठून? आधीच्या नकाशावर तिच्या नावाने एक भूशिर दाखवलेलं होतं, आणि नावाआधी ‘म.’ असं लिहिलं होतं. रशियनमध्ये ‘मिस’ म्हणजे भूशिर, त्याचं ते संक्षिप्त रूप. नंतरच्या कोणीतरी ते नावाचं आद्याक्षर समजून पूर्ण केलं. शुद्ध पार्सिंगची चूक. त्या चुकीवर लेख लिहिले गेले, मारिया नावाने तिच्या शौर्याचं कौतुक झालं. ओलेन्योकच्या मुखाशी नवऱ्याबरोबर पुरलेल्या बाईचं नाव मात्र कोणी विचारलं नाही.

चेल्युस्किनच्या टोकाला पहिलं जहाज पोचलं ते १९ ऑगस्ट १८७८ ला: स्वीडिश शास्त्रज्ञ अडॉल्फ एरिक नोर्डेनशेल्डचं ‘वेगा’. जहाजावर शिडं होती आणि वाफेचं इंजिनही होतं. १७४२ च्या ‘नाही’नंतर १३६ वर्षांत एवढं बदललं होतं. टोक तिथेच होतं, चेल्युस्किनच्या अक्षांशाच्या जवळपास. ‘वेगा’ने झेंडे चढवले, नांगर टाकला आणि तोफेची सलामी दिली. किनाऱ्यावर एक पांढरं अस्वल जहाजाकडे बघत फिरत होतं. ते आवाजाला घाबरून पळून गेलं.